सोमवारचा सातवा सामना: हॉल साडेनऊपर्यंतच, ओव्हरटाइम झाला तर?

कार्यक्रम समिती, शनिवार २२ जून २०२४

मंडळी, सोमवारी एडमंटन ऑइलर्स आणि फ्लॉरिडा पँथर्स यांचा स्टॅनले कपच्या (आइस हॉकी) अंतिम फेरीतला सातवा, निर्णायक सामना आपण हॉलमध्ये पडद्यावर दाखवतोय. बरोबरी झाली तर ओव्हरटाइम, म्हणजे जादा वेळ, खेळतात. हॉल साडेनऊपर्यंत आहे, त्यात शेवटचा अर्धा तास आवराआवरीचा. जादा तास हवे असतील तर आजच कळवायचंय, ऐनवेळी मिळत नाहीत. किती घेऊ?

खजिनदार

एकही नको. सहाला प्रक्षेपण, साठ मिनिटांचा खेळ, दोन मध्यंतरं, पावणेनऊला मोकळे. अंतिम फेरीचा सातवा सामना ओव्हरटाइममध्ये गेलाय तो दोनदाच, १९५० आणि १९५४ मध्ये. दोन्ही वेळा डेट्रॉइट जिंकले. शिल्लक आहे ती गणपतीसाठी.

युवा विभाग

काका, जुना हिशेब या संघांना लावू नका. यंदा ऑइलर्सचेच तीन सामने लांबले: लॉस एंजेलिस आणि व्हँकुव्हरशी दुसरा, डॅलसशी पहिला. डॅलसचा तर दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये आपला कर्णधार मॅकडेव्हिडने संपवला. फ्लॉरिडा गेल्या वर्षी कॅरोलायनाशी चौथ्या ओव्हरटाइमच्या अगदी टोकापर्यंत खेळले. प्लेऑफमध्ये (बाद फेऱ्यांत) बरोबरी फोडायला शूटआउट, म्हणजे एकेकाने गोलरक्षकासमोर मारणं, नसतं. गोलरक्षक सोडून पाचास पाच खेळाडू, वीस-वीस मिनिटं, गोल पडेपर्यंत. मध्यंतर धरून एकेक ओव्हरटाइम पाऊण ते एक तास खातो. दोन झाले तर पावणेअकरा. आणि १९९० नंतर कप येणार असेल तर तो उचललेला बघायच्या आधी कोण उठेल? अकरापर्यंत घ्या.

ध्वनी-प्रकाश

वेळेआधी चित्राचं बघा. मागच्या वेळी कुणाच्या तरी घरच्या खात्यावरून लॅपटॉपने लावलं होतं. एक तर ते खातं घरगुती वापरापुरतं असतं, आणि स्ट्रीम अर्धा मिनिट मागे चालतं. बाहेर हॉर्न वाजले की गोल आधीच कळतो. सीबीसी (कॅनडाची सरकारी वाहिनी) अँटेनावर फुकट आणि सगळ्यात आधी येते. पण आपल्या प्रोजेक्टरला ट्यूनर नाही, अँटेना थेट जोडता येत नाही. ट्यूनर बॉक्स लागेल: अँटेना खिडकीत, तिथून कोॲक्स (अँटेनाची वायर) बॉक्सला, बॉक्समधून एचडीएमआय प्रोजेक्टरला, आवाज वेगळ्या वायरने मिक्सरला. चॅनेल स्कॅन रविवारीच करून ठेवू.

दुसरं, सूर्य दहानंतर मावळतो. पश्चिमेच्या तीन खिडक्या उघड्या राहिल्या तर बर्फ नुसतं पांढरं दिसेल आणि पक (खेळातली काळी चकती) दिसणारच नाही. नाटकाचे काळे पडदे आणा, दोन पदरी लावा.

नाट्यविभाग

पडदे देऊ, पण चिकटपट्टी नको. मागच्या खेपेला कापडाचा रंग निघाला. क्लिपा लावा, आणि रात्रीच घडी करून परत.

क्रिकेट गट

प्रोजेक्टर सोमवारी सकाळी आमच्याकडे आहे. भारत-ऑस्ट्रेलिया, साडेआठला. दुपारी तीनपर्यंत पोचवतो.

ध्वनी-प्रकाश

तीन नाही, एक. जोडणी करून आवाज तपासायला दोन तास लागतात. आणि रिमोटसकट द्या.

स्वयंपाकघर

अकरापर्यंत असेल तर जेवण कधी? पहिल्या मध्यंतरात वडे आणि चहा, दुसऱ्यात पुलाव. प्रत्येकी अठरा मिनिटं, म्हणजे दोन रांगा हव्यात. वडे माणशी दोन, मोजूनच. मंगळवारी अंगारकी आहे, उरलेलं उपवासाच्या दिवशी कोण नेणार? नावं उद्या दुपारपर्यंत द्या.

एक ज्येष्ठ सभासद

ऑइलर्सवर पेनल्टी पडली की लोक खाऊ आणायला उठतात, यंदा ते करू नका. चौथ्या सामन्यात यानमार्कने आणि पाचव्यात कॉनर ब्राउनने पहिला गोल केला तो एक खेळाडू कमी असतानाच. पहिले तिन्ही सामने हरून ०-३ झाल्यावर पुढचे तीन ८-१, ५-३, ५-१ असे जिंकले, त्याचं निम्मं श्रेय या पेनल्टी किलला, म्हणजे एक खेळाडू कमी असतानाच्या खेळाला आहे. मॅकडेव्हिडचे यंदाच्या प्लेऑफमधले ४२ गुण (गोल आणि गोलसाठीचे पास) सगळ्यांना पाठ आहेत, पण सहाव्या सामन्यात त्याचा एकही गुण नव्हता, तरी जिंकलो. अंतिम फेरीत ०-३ वरून कप फक्त टोरंटोने जिंकलाय, १९४२ मध्ये. १९४५ मध्ये डेट्रॉइटही सातव्या सामन्यापर्यंत आले होते आणि तिथे हरले, हेही लक्षात असू द्या.

खजिनदार

१९४२ चं मान्य. दीड तास जादा घेतो, पण त्याचं भाडं येणाऱ्यांच्या वर्गणीतून, गणपतीच्या खात्यातून नाही.

कार्यक्रम समिती

ठरलं, हॉल अकरापर्यंत. ट्यूनर बॉक्स कुणाकडे आहे? आज रात्री आठच्या आत कळवा, नाहीतर उद्या विकत आणावा लागेल. मुलांची मंगळवारी शाळा आहे; ज्यांना लवकर निघायचंय त्यांनी गाड्या मागच्या दाराशी लावा, पुढचा रस्ता जिंकल्यावर अडेल.