पानगळीच्या दिवसांतले लोकरी अ‍ॅप्लिक : आपापले अनुभव

दिवस लहान होऊन संध्याकाळी दिवा लवकर लावावा लागला, की अ‍ॅप्लिकसाठी, म्हणजे कापडाचे आकार कापून दुसऱ्या कापडावर शिवण्यासाठी, जमवलेल्या माझ्या लोकरी तुकड्यांची टोपली बाहेर येते. गरम पाण्यात घुसळून आटवलेल्या लोकरी कापडाच्या कडेने सुते निघत नाहीत, त्यामुळे काठ दुमडावा लागत नाही आणि काम कोणत्याही टाक्यावर सोडून पुन्हा हाती घेता येते. घरकामासाठी सतत उठावे लागत असूनही ही कला माझ्याकडे टिकली, ती या गुणामुळे. आपण ती घरच्या दिवसात कशी बसवता, काय साधले आणि काय बिघडले, ते कृपया लिहावे.

*

पहिल्या वर्षी मी वडिलांचा जुना करडा कोट घेतला. उष्णता, ओलावा आणि घुसळण यांमुळे लोकरीच्या तंतूंवरचे सूक्ष्म खवले एकमेकांत अडकून कापड दाट होते, हे ठाऊक असल्याने शिवण उसवून आणि अस्तर काढून ते धुण्याच्या यंत्रात गरम पाण्यात फिरवले. पण सोबत लाल लोकरी तुकडेही टाकले. त्यांचा रंग कोटावर उतरला. वडिलांचा कोट पुन्हा मिळणारा नव्हता, याचे वाईट अजूनही वाटते. आता मी प्रत्येक रंग वेगळा धुते आणि सुपरवॉश लोकर, जी मुळातच आटत नाही, आधीच बाजूला काढते.

*

टाचण्यांमध्ये दोरा अडकतो. मी लहान स्टेपलरने तुकडे टाचते आणि टाके झाले की पिना काढते.

*

संध्याकाळचे आवरून झाल्यावर मी आणि माझी मुलगी एकत्र बसतो. गळालेल्या पानाची बाह्यरेषा फ्रीझर पेपरच्या (एका बाजूला प्लास्टिकचा चकचकीत थर असलेल्या कागदाच्या) मंद बाजूवर काढून, चकचकीत बाजू इस्त्रीने कापडाला चिकटवून मी रेषेवरून कापतो. तोच कागद अनेकदा वापरता येतो. काठाला ब्लँकेट टाका (कडेवर दोऱ्याचा फास अडकवत जाणारा), ८ नंबरचा पर्ल कॉटन, म्हणजे पीळदार सुती दोरा, आणि २२ नंबरची शेनिल, म्हणजे मोठ्या नेढ्याची टोकदार सुई. पानाच्या टोकाशी टाका घसरतो, म्हणून तेथे एक बारीक टाका जागच्या जागी घालून दोरा अडकवावा लागतो. हे जमायला मला एक संपूर्ण हंगाम लागला. पानातला पिवळा रंग आधीपासूनच असतो आणि हरितद्रव्य ओसरल्यावर तो दिसू लागतो, असे मी मुलीला सांगितले, तेव्हापासून प्रत्येक पिवळ्या पानाखाली किंचित मोठा हिरवा तुकडा ठेवून त्याची कड दिसू द्यावी, असा तिचा आग्रह असतो. तिचे म्हणणे मला पटते.

*

अर्धवट राहिलेली माझी भिंतपट्टी कसरीने खाल्ली. खाणारी तिची अळी असते आणि मळलेल्या लोकरीकडे ती अधिक वळते, म्हणून आता हंगाम संपला की सर्व काही स्वच्छ करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते.

*

डोळ्यांच्या त्रासामुळे मला बारीक भरतकाम सोडावे लागले. तेव्हा पेनी रगची माहिती मिळाली : एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील स्त्रिया नाण्याभोवती रेघ मारून लोकरी चिंध्यांची वर्तुळे कापत आणि लहान-मोठी वर्तुळे एकावर एक शिवत. ठळक टाका, जाड दोरा आणि गडद कापडावर फिका रंग, एवढे सांभाळले की मला दिसते. दुपारी खिडकीशी ऊन असते तेवढ्या वेळात दोन वर्तुळे होतात. सध्या अठरावे हाती आहे.