वेळकाढूपणाची पहिली ताकीद फुकट का?

शिट्टीवाला
काल बास्केटबॉलचा एक सामना बघत होतो. बास्केट झाली, बॉल जाळीतून खाली आला आणि बास्केट करणाऱ्या संघातल्याच एकाने तो जाता जाता दोन पावलं पलीकडे टोलवला, म्हणजे समोरच्यांना तो उचलून खेळ सुरू करायला उशीर व्हावा. चेहरा असा, की मी काही केलंच नाही. पंचांनी नुसतं हाताने खुणावलं, खेळ पुढे सुरू. असं पाच वेळा झालं, मी मोजलं. ताकीद एकदाही नाही.

नियमात गोंधळ नाही. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांत पहिल्यांदा ताकीद, तीही कोचला कळवायची. एकाला दिलेली ताकीद उरलेल्या सामन्यापुरती सगळ्या संघाला लागू. नंतर त्या संघातल्या कोणीही तेच केलं की टेक्निकल (वर्तनाबद्दलचा फाउल), समोरच्यांना एक फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता एका गुणासाठी बास्केटमध्ये बॉल टाकायची संधी. अमेरिकेच्या एनबीए लीगमध्येही आधी ताकीद, मग टेक्निकल, एक फ्री थ्रो. पण आपण पंच लोक पहिली ताकीद द्यायलाच कचरतो. "पहिल्याच मिनिटाला कशाला?" म्हणून सोडून देतो. मग ती शिल्लक राहते चौथ्या क्वार्टरपर्यंत, आणि संघ ती नेमकी तेव्हा वापरतो जेव्हा समोरच्याचा फास्ट ब्रेक (बचाव जमायच्या आत केलेली झटपट चढाई) सुटणार असतो. माझं मत: पहिल्या स्पर्शालाच ताकीद द्या. मिनिट पहिलं असो वा पस्तिसावं.

पाय_सरकला
साफ असहमत. तुम्ही शिट्टीच्या बाजूने बघताय, मी बारा वर्षं खेळलोय म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो. रिंगखाली उभ्या माणसाच्या अंगावर बॉल पडतोच. हात वर असतात, बॉल लागतो. हे सगळं वेळकाढूपणा म्हणणार?

आणि मुख्य गंमत बघा. ताकीद द्यायची म्हणजे शिट्टी, खेळ थांबला, पंच कोचकडे चालले. तेवढ्यात बचाव करणारे पाचही जण आपापल्या जागी पोहोचले. म्हणजे ज्याने बॉल ढकलला त्याला जे हवं होतं ते पंचांनीच आयतं करून दिलं. दोन सेकंदांचा उशीर रोखायला वीस सेकंदांचा उशीर!

शिट्टीवाला
अहो, हाच तर माझा मुद्दा! ती शिट्टी एकदा वाजणारच आहे. मग ती पहिल्या क्वार्टरमध्ये, काही अडलेलं नसताना वाजू दे ना. अंगावर पडलेल्या बॉलबद्दल वाद नाही, अपघाताला कोणी ताकीद देत नाही. नियमात शब्दच 'मुद्दाम' असा आहे.

पाय_सरकला
'मुद्दाम' ठरवणार कोण? तुम्हीच.

टेबलवरची
मी स्कोअरर म्हणून बसते, थोडं टेबलवरून. फिबाच्या सामन्यात चौथ्या क्वार्टरची आणि ओव्हरटाइमची शेवटची दोन मिनिटं सोडली तर बास्केट झाल्यावर घड्याळ चालूच राहतं. आघाडीवरचा संघ प्रत्येक बास्केटनंतर बॉल जरासा सरकवत राहिला, तर समोरच्याचं थ्रो-इन (रेषेबाहेरून बॉल आत टाकणं) तेवढं लांबतं आणि घड्याळातून सेकंद गळत राहतात. क्वार्टर दहाच मिनिटांचं. थेंबे थेंबे तळे साचे.

पंच का कचरतात तेही सांगते. आमच्याकडे खेळाडूला मिळालेला टेक्निकल त्याच्या नावावर लिहिला जातो, ज्यांनंतर खेळाडू बाहेर जातो त्या त्याच्या पाच फाउलमध्ये धरला जातो, संघाच्या फाउलमध्येही धरला जातो. असे दोन टेक्निकल झाले तरी तो बाहेर. एनबीएत वेळकाढूपणाचा टेक्निकल संघाच्या खात्यावर जातो, त्यापायी कोणी बाहेर जात नाही. बॉलला चापट मारली म्हणून एखाद्याला पाचवा फाउल द्यायला कुठल्याही पंचाचा हात जड होणारच. ताकीद दिली की तो प्रसंग ओढवू शकतो, म्हणून ताकीदच टाळली जाते.

जुना_सेंटर
हिशोब करू या. एनबीएत फ्री थ्रो साधारण चारातले तीन जातात. म्हणजे टेक्निकलची किंमत पाऊण गुण. समोरच्याला मोकळा लेअप (रिंगजवळून सोपी बास्केट) मिळताना दिसत असेल तर तो जवळजवळ दोन गुणांचा. ताकीद शिल्लक नसली तरी ढकलणं परवडतं! मग कडक अंमलबजावणीने काय होणार? एनबीएने फास्ट ब्रेक तोडणाऱ्या मुद्दाम फाउलला २०२२ पासून एक फ्री थ्रो आणि वर बॉलही द्यायला सुरुवात केली, ती याच गणितामुळे. शिक्षाच वाढवायला हवी.

बाकी, जिद्द असेल तर माणूस वेळ कुठूनही काढतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये ब्रुकलिन नेट्सचे कोच जेसन किड यांच्याकडे टाइमआउट उरले नव्हते. त्यांनी स्वतःच्याच खेळाडूची धडक करवून घेऊन पेय कोर्टवर सांडलं. फरशी पुसेपर्यंत डाव आखून झाला. सामना हरले ते हरलेच, वर लीगने ५० हजार डॉलर दंड केला.

पाय_सरकला
@जुना_सेंटर, पाऊण गुणाचा हिशोब पटला. पण तो माझ्याच बाजूचा आहे: शिक्षाच जबर नसेल तर शिट्ट्या वाढवून फक्त खेळाचे तुकडे होतील. @टेबलवरची, सेंटर खेळताना चौथा फाउल झाला म्हणून मी असेच सामने बेंचवर बसून काढलेत, त्यामुळे तो 'जड हात' मला प्रिय आहे.

चौथा_पंच
क्रिकेटमध्ये बघा, दोन षटकांमध्ये ६० सेकंदांचं घड्याळ लावलं, दोन ताकिदी, मग पाच धावा. कोणाची हुज्जत नाही.

पाय_सरकला
तिथे घड्याळ पडद्यावर दिसतं. बॉल ढकलताना मनात काय होतं, हे कुठल्या पडद्यावर दिसणार?

शिट्टीवाला
मन बघायची गरजच नाही, हात कुठल्या दिशेला गेला ते बघा. आणि खेळ न थांबवता ताकीद देणं फिबाला जमतं की! शेवटच्या दोन मिनिटांत थ्रो-इनच्या आधी पंच रेषेची खूण करून बचावपटूला बजावतात. तरीही त्याने अंग रेषेपलीकडे नेलं तर थेट टेक्निकल. पंचांची खूण झाली की ताकीद झाली. तसंच सामन्याआधी दोन्ही कॅप्टनना सांगून टाका की ताकीद दिलेली आहे असं समजा. फुकटचं कूपनच संपलं.

पाय_सरकला
आणि सतराव्या सेकंदाला एखाद्या नवख्या पोराच्या नावावर टेक्निकल? नको. ताकीद ही नवख्यासाठी असते. चालू लोक तिचा फायदा घेतात म्हणून त्याची का काढायची?

टेबलवरची
नवख्यांचं माहीत नाही. एका फायनलमध्ये हाफटाइमला एक कॅप्टन माझ्याकडे आला आणि अगदी नम्रपणे विचारलं, "मॅडम, आमची ताकीद झाली का हो?" मी म्हटलं, नाही. चौथ्या क्वार्टरमध्ये तीन मिनिटं उरली होती, दोन गुणांची आघाडी, समोरच्यांचा गार्ड बॉल घ्यायला बेसलाइनकडे, म्हणजे रिंगमागच्या रेषेकडे धावत होता. कॅप्टनने बॉल पायाने बाजूला केला. शिट्टी वाजली, ताकीद मिळाली, बचाव जाग्यावर आला. परत जाताना त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, जणू पावतीच घेतली.

पाय_सरकला
टाइमआउटसुद्धा लोक असेच जपून ठेवतात. त्याला आपण हुशारी म्हणतो.

शिट्टीवाला
टाइमआउट टेबलकडे मागावा लागतो.