मदत हवी आहे: घर बेळगावात, विमान सांबऱ्याहून. पॉइंट्स कोणत्या क्लबात साठवावेत?

उद्यमबागकर

नमस्कार मंडळी,

उद्यमबागेत आमचं लहानसं मशिन शॉप आहे, हायड्रॉलिकचे सुटे भाग करतो. धंद्यामुळे फिरणं ठरलेलं असतं. बेंगळुरू महिन्यातून एकदा तरी, दिल्ली वर्षातून तीन-चार वेळा, आणि एप्रिलमध्ये हॅनोव्हरचं औद्योगिक प्रदर्शन. थोरली लेक लग्न होऊन म्युनिकला असते. ऑगस्टमध्ये तिचं पहिलं बाळंतपण आहे. बायको जुलैतच जाईल. आई ७६ वर्षांची आहे, आजवर ती विमानात बसलेली नाही, पण पणतवंड मांडीवर घ्यायला म्युनिकला जायचंच, असं तिनं मनाशी पक्कं केलंय. म्हणजे पुढची काही वर्षं आमच्या घरातून जर्मनीची तीन-चार तिकिटं दरवर्षी निघणार.

इतके दिवस ज्या कंपनीचं तिकीट जमलं तिच्या प्रवासी क्लबाचा (उडलं की पॉइंट्स, पॉइंट्सवर पुढचं तिकीट) नंबर घेत गेलो. पॉइंट्स चार ठिकाणी विखुरले. त्यातल्या एका कंपनीचे पॉइंट्स बऱ्यापैकी साठले होते. दोन वर्षं आपल्या भागातून तिचं सोयीचं विमान मिळालं नाही, आणि मुदत संपली म्हणून सगळे एका दिवशी गेले. आईच्या तिकिटाला ते लागले असते, याचं अजून वाईट वाटतं. म्हणून आता एकदाच नीट ठरवायचं आहे.

पुण्या-मुंबईचे मित्र सांगतात, "एअर इंडियाचा महाराजा क्लब घे, विमान कंपन्यांच्या स्टार अलायन्स या युतीत आहे, जगभर चालतं." त्यांच्यासाठी ते बरोबर असेल. पण सांबऱ्याला एअर इंडिया येतच नाही. आपल्याकडे इंडिगो आणि स्टार एअर. १९४२ सालची ती धावपट्टी आता २३०० मीटर झाली, २०१७ मध्ये नवी इमारत आली, दिल्लीला थेट विमान मिळालं. आमच्यासारख्या छोट्या कारखानदाराला याचं मोल फार आहे. तरी परदेशी जायला बाहेर पडावंच लागतं. कधी महामार्गानं हुबळी, कधी कोल्हापूर, कधी गोव्याचं मोपा, नाहीतर सरळ बेंगळुरू.

क्लब निवडताना "आपला घरचा विमानतळ बघा" असं सगळीकडे वाचतो. माझा घरचा विमानतळ नेमका कोणता धरायचा? सांबरा, बेंगळुरू की मोपा? घरातल्या सगळ्यांचे पॉइंट्स एकत्र करता येतात का? आणि आईच्या ऑगस्टच्या तिकिटाला यातलं काही उपयोगी पडेल का?

---

टिळकवाडी_गल्ली

काका, देशातल्या प्रवासाचं उत्तर सरळ आहे. महिन्याला बेंगळुरू आणि अधूनमधून दिल्ली, दोन्ही इंडिगोनंच, तर इंडिगोचा ब्लूचिप घ्या की. तो २०२४ मध्येच सुरू झाला, त्यामुळे आधीच्या प्रवासाचं काही हातात नसेल, पण आता एकही फेरी नंबर न टाकता करू नका. इंडिगो कुठल्याच अलायन्समध्ये नाही हे मात्र ध्यानात ठेवा. त्या पॉइंट्सवर जर्मनीच्या लुफ्तान्झाचं तिकीट निघेल या आशेवर राहू नका. ते पॉइंट्स दिल्ली-बेंगळुरूच्या तिकिटांतच खर्चून टाकायचे.

---

निपाणीचा_प्रवासी

जिल्हा एकच, पण माझं गणित वेगळं. निपाणीहून कोल्हापूर तासाभरावर, सांबरा त्याहून लांब. माझी कामं मुंबईत, त्यामुळे परदेशाची विमानंही मुंबईहूनच. मी महाराजा क्लब ठेवला आहे आणि तो मला लागू पडतो, कारण मुंबईहून एअर इंडियाही मिळते आणि लुफ्तान्झा, सिंगापूरसारखी अलायन्समधली इतर विमानंही. घराजवळ कुठली धावपट्टी आहे ते सोडून द्या. लांबचं विमान तुम्ही जिथून धरता, तो विमानतळ धरा.

---

मोपामार्गे

मोपाचा कुणी नीट विचार करत नाही म्हणून लिहितो. जानेवारी २०२३ मध्ये तिथून विमानं सुरू झाली आणि जून २०२४ मध्ये कतार एअरवेज गोव्याच्या जुन्या दाबोळी विमानतळावरून तिथं आली. आपल्याला सगळ्यात जवळून लांबचं विमान मिळतं ते तिथंच. मोपा-दोहा-म्युनिक एकाच तिकिटावर, बॅग इथं दिली की थेट म्युनिकला. कतारच्या क्लबात अ‍ॅव्हिओस नावाचे पॉइंट्स मिळतात, तेच चलन ब्रिटिश एअरवेजमध्येही चालतं आणि एकमेकांत वळवता येतं. खात्यात ३६ महिन्यांत काहीतरी हालचाल झाली की मुदतही टिकते. आम्ही दोघं नवरा-बायको तीनदा असेच गेलो.

---

शहापूरची_लेक

मोपाचा मुद्दा चांगला आहे, पण काका, आजींना जुलै-ऑगस्टमध्ये न्यायचं असेल तर मोपाच्या वाटेवरचा चोर्ल्याचा घाट डोळ्यासमोर आणा. पाऊस, धुकं, वळणं, वर तीन तास गाडीत. त्यानंतर दोह्याला पुन्हा विमान बदलायचं. माझ्या सासूबाईंना नेलं तेव्हा विमानात काही त्रास झाला नाही. त्या थकल्या घर ते विमानतळ या प्रवासात.

बेंगळुरूमार्गे जाणार असाल तर एक गोष्ट आधीच माहीत असू द्या, आम्ही त्यात फार पैसे घालवले. सांबरा-बेंगळुरूचं तिकीट वेगळं आणि पुढचं वेगळं काढलं, तर इंडिगोच्या देशांतर्गत तिकिटावर १५ किलोची बॅग चालते, आणि पुढच्या तिकिटावर २३ किलो. बाळंतपणाला निघालेल्या घरात डिंकाचे लाडू, मेतकूट, आळीव, बाळाची लंगोटी-दुपटी यांनी २३ किलो सहज भरतात. वरच्या वजनाचे पैसे सांबऱ्यालाच भरावे लागले. बेंगळुरूला बॅग स्वतः उचलून टर्मिनल १ वरून टर्मिनल २ ला जायचं ते वेगळंच. पहिलं विमान उशिरा आलं, तर वेगळ्या तिकिटावर पुढची कंपनी वाट बघायला बांधील नसते.

आता आम्ही राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री निघतो. सकाळी बेंगळुरूला बहिणीकडे आंघोळ, जेवण, झोप, आणि रात्री विमानतळ. ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारतही आहे, पहाटे सुटून दुपारी पोचते. रेल्वेत बॅगेचं वजन कुणी काट्यावर घालत नाही.

---

म्युनिकहून_खानापूरकर

साहेब, मी मूळचा खानापूर तालुक्यातला, बारा वर्षं इथं आहे. तुमची लेक माझ्याच गावात असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नात एक विमानतळ राहून गेलाय: लेकीचा. म्युनिक हे लुफ्तान्झाचं फ्रँकफुर्टनंतरचं दुसरं मोठं ठाणं आहे. नोव्हेंबर २०२३ पासून बेंगळुरू-म्युनिक थेट विमान आहे, फ्रँकफुर्टचं तर आधीपासूनच होतं. तुम्ही वर्षातून एक-दोनदा याल, लेक-जावई वर्षाआड बेळगावला येतील, आणि त्यांचं युरोपातलं फिरणंही बहुतेक याच गटाच्या विमानांनी होईल. म्हणजे दोन्ही टोकांना जी कंपनी आहे ती लुफ्तान्झा. तुम्ही हॅनोव्हरला जाता तेव्हाही फ्रँकफुर्ट किंवा म्युनिकवरूनच जात असणार.

लुफ्तान्झा स्टार अलायन्समध्ये आहे, आणि इथंच बहुतेकांचा गोंधळ होतो. लुफ्तान्झानं उडालात म्हणून लुफ्तान्झाच्याच माइल्स अँड मोअर क्लबात मैल (म्हणजे पॉइंट्सच) घ्यायला हवेत असं नाही. तोच प्रवास महाराजा क्लबात, सिंगापूरच्या क्रिसफ्लायरमध्ये किंवा युनायटेडच्या मायलेजप्लसमध्येही जमा करता येतो. एक प्रवास एकाच ठिकाणी, एवढाच नियम. मग निवडायचं कसं? मी तीन गोष्टी बघतो.

पहिली मुदत. तुमचे पॉइंट्स मुदतीनं गेले, म्हणून हीच आधी. क्रिसफ्लायरचे मैल ३६ महिन्यांनी संपतात, माइल्स अँड मोअरचेही, मात्र तिथं खूप उडून क्लबात वरचा दर्जा मिळवलेल्यांचे आणि त्यांचं विशिष्ट क्रेडिट कार्ड असलेल्यांचे टिकतात. युनायटेडनं २०१९ मध्ये मुदतच काढून टाकली. वर्षातून एकदा लांबचा प्रवास करणाऱ्या माणसाला हे फार मोलाचं आहे, कारण एका तिकिटाएवढे मैल जमायला तीन-चार वर्षं लागतात.

दुसरी गोष्ट खर्चताना कळते. पॉइंट्सवरचं तिकीट फुकट नसतं, कर रोख भरावे लागतात, आणि काही क्लब त्यावर कंपनीचा इंधन अधिभारही लावतात. लुफ्तान्झाच्या विमानावर माइल्स अँड मोअरमधून तिकीट काढलं तर ही रक्कम जड जाते. युनायटेड हा अधिभार लावत नाही. शिवाय २०२५ पासून लुफ्तान्झा गटाच्या बक्षीस तिकिटांना (मैलांवर काढायच्या) ठरलेला तक्ता राहिला नाही, मागणीप्रमाणे मैल वरखाली होतात.

तिसरी, तिकिटाचा वर्ग. माइल्स अँड मोअरमध्ये आणि एअर इंडियात आता तुम्ही किती पैसे भरले त्यावर पॉइंट्स मिळतात. दुसऱ्या क्लबात जमा केलं तर अंतर आणि तिकिटावरचं वर्गाचं अक्षर बघतात. सगळ्यात स्वस्त अक्षराला कधी चतुर्थांशच मैल येतात. तिकीट काढण्याआधी त्या क्लबाच्या तक्त्यात ते अक्षर शोधा. दहा मिनिटांचं काम आहे आणि लोक नेमकं हेच करत नाहीत.

सोनेरी दर्जाच्या मागे मात्र लागू नका. लाउंज, जादा बॅग, वेगळी रांग हे सगळं त्यात मिळतं, पण वर्षातून एका फेरीत तो दर्जा येत नाही.

माझं मत असं: तुमचे, वहिनींचे आणि आजींचे युनायटेडमध्ये, लेक-जावयाचे माइल्स अँड मोअरमध्ये, कारण त्यांना इथलं कार्ड घेऊन मुदत थांबवता येते. त्यांच्या खात्यातून ते आजींच्या नावानं तिकीट काढू शकतात. घरातल्यांचे मैल एकत्र करायची सोय सगळीकडे सारखी नाही. एमिरेट्सकडे कुटुंबाचं खातं छान आहे, पण एमिरेट्स अलायन्समध्ये नाही.

या ऑगस्टचं म्हणाल तर पॉइंट्सचा विचार सोडून द्या. बाळंतपणाच्या तारखेला, सुट्टीच्या हंगामात, हवं तेच बक्षीस तिकीट मिळेल यावर आजींचा प्रवास टांगू नका. पैसे देऊन थेट विमानाचं काढा, तारीख बदलता येईल असं. व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवा.

---

टिळकवाडी_गल्ली

वरच्यात एक भर. नाव जुळणं. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, आधारवर कानडी पद्धतीनं आद्याक्षर, पॅनवर तिसरंच. क्लबाच्या खात्यातलं नाव आणि तिकिटावरचं नाव वेगळं असलं की मैल जमा होत नाहीत. खातं पासपोर्ट समोर ठेवूनच उघडा, आणि मैल खात्यात दिसेपर्यंत बोर्डिंग पास टाकू नका. ते नंतर मागता येतात, पण पुरावा लागतो.

---

उद्यमबागकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बायको आणि आईला शेजारी बसवून सगळं वाचून दाखवलं.

लेकीचा विमानतळ हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मी इतके दिवस सांबरा की बेंगळुरू याच घोळात होतो. सकाळी तिला फोन केला, तर तिचं माइल्स अँड मोअरचं खातं दोन वर्षांपासून आहे, आणि मागच्या दिवाळीला दोघं आली होती त्याचे मैल त्यात पडून आहेत. मला ठाऊकच नव्हतं.

तर देशातल्या फेऱ्या ब्लूचिपला, आणि त्या तिथंच खर्चणार. जर्मनीच्या फेऱ्या युनायटेडला, तिघांची तीन खाती. आईच्या पासपोर्टवर आडनाव आणि गावाचं नाव दोन्ही आलंय, आधारवर फक्त आडनाव. खातं पासपोर्टप्रमाणेच उघडलं. खानापूरकर साहेब, वर्गाचं अक्षर तपासलं. जे स्वस्त तिकीट मी काढणार होतो त्याला खरंच फार कमी मैल होते. थोडे पैसे घालून वरचा वर्ग घेतला, त्यात तारीखही बदलता येते.

शहापूरच्या ताई, घाटाचं तुम्ही सांगितल्यावर मोपा यंदा सोडलं. हिवाळ्यात जायचं झालं तर त्याचा जरूर विचार करेन, मोपामार्गे दादा. आईला राणी चन्नम्मानं नेतोय, खालचा बर्थ मिळालाय, बेंगळुरूला दिवसभर भावाकडे आराम. व्हीलचेअर नोंदवली.

एक शेवटचं विचारतो. डिंकाचे लाडू आणि मेतकूट जर्मनीत नेता येतं का? आणि साजूक तुपाचं काय? आई आज सकाळपासून तेच विचारतेय.

---

म्युनिकहून_खानापूरकर

मेतकूट बिनधास्त आणा, बंद पाकिटात. तूप आणू नका साहेब. युरोपीय संघाबाहेरून दूध आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून आणायला बंदी आहे, त्यात तूप, खवा, कुंदा सगळं आलं. लाडू तुपातले असतील तर तेही इथंच करू, डिंक तेवढा घेऊन या. आपल्या घराजवळच्या दुकानात चांगलं लोणी मिळतं, आजी आल्या की तूप कढवता येईल. विमान उतरायची वेळ कळवा, मी न्यायला येतो.