मदत हवी आहे : मगचा कान जोडापाशी तडकतो

नमस्कार मंडळी, स्टोनवेअर मातीचे (जास्त तापमानाला भाजायच्या मातीचे) मग चाकावर करते. कान ओढूनच करते: मातीचा गाजरासारखा गोळा एका हातात धरायचा आणि दुसऱ्या ओल्या हाताने खाली ओढत न्यायचा. असा कान बोटांना फार छान लागतो, साच्यातल्या कानाला ती मजा नाही.

अडचण जोडाची आहे. मग चामड्याइतका घट्ट झाला की दोन्हीकडे ओरखडे काढते, त्याच मातीची स्लिप (पाण्यात कालवलेली पातळ माती) लावते आणि दाबून बसवते. खालचा जोड टिकतो. वरच्या जोडाच्या आतल्या कोपऱ्यात मात्र वाळताना केसासारखी चीर दिसते, आणि बिस्क भाजणीनंतर (ग्लेझ लावण्याआधीच्या पहिल्या भाजणीनंतर) तिथे नख अडकतं.

मला वाटतं, ताजा ओढलेला कान मगपेक्षा ओला असल्याने जास्त आकसतो. तर कान ओढून, वाकवून, जोडण्याआधी थोडा कडक होऊ द्यावा का? की मातीचा जाड तुकडाच मगला जोडून कान तिथेच ओढावा? स्लिपमध्ये व्हिनेगर घालून कुणाला खरंच फरक पडला का? आणि जोडलेले मग प्लास्टिकखाली किती वेळ ठेवता? कोपऱ्यात मातीची बारीक वळी भरणारे असतील त्यांनी जरूर सांगा.