गेटजवळचे गुलाब उपटायचे का?

सचिव, ए-१०१: नमस्कार मंडळी. गेटजवळच्या वाफ्यात गेल्या वर्षी लावलेले १२ गुलाब छातीएवढे वाढलेत, पण दिवाळीपासून एकही फूल नाही. नवीन १२ कलमांचे ३,६०० रुपये सांगितलेत. कुणाची हरकत नसेल तर रविवारी माळीदादांना जुनी उपटायला सांगतो.

स्नेहल, बी-३०४: चालेल. या वेळी लाल डच घ्या ना, फुलवाल्याकडे असतात तसे लांब दांड्याचे.

कुलकर्णी काकू, सी-२०२: थांबा, उपटू नका. दूध आणायला गेले होते, तेव्हा वाकून एकेक झाड बघितलं. १२ पैकी ९ झाडांवर आपण विकत घेतलेला गुलाब उरलेलाच नाही. जमिनीलगत कलमाची गाठ असते, तिच्या वरची काडी काळी पडून वाळलीय. हिरवंगार माजलंय ते सगळं गाठीच्या खालून, खुंटातून आलेलं आहे.

निखिल, बी-५०१: काकू, खुंट म्हणजे?

कुलकर्णी काकू, सी-२०२: खाली चिवट मुळांचा जंगली गुलाब असतो, तो खुंट. त्याच्यावर हव्या त्या जातीचा डोळा, म्हणजे फांदीवरचा न फुटलेला कोंब, सालीखाली बसवतात. त्यालाच डोळा भरणं म्हणतात. खुंटाला फूट आली आणि वेळेवर काढली नाही, तर ती सगळं खाणं ओढते आणि वरचं कलम उपाशी मरतं. आपल्याकडे तेच झालं. पावसाळ्यात काळे ठिपके पडून कलमाची पानं गळाली, खालची फूट मात्र जोरात आली. आपण सगळे रोज तिथून जातो, मीसुद्धा. कुणीच वाकून बघितलं नाही याचं फार वाईट वाटतंय.

सावंत काका, ए-४०३: सात पानांची फांदी जंगली, पाच पानांची चांगली. एवढं लक्षात ठेवलं की झालं.

कुलकर्णी काकू, सी-२०२: काका, तेवढ्यावर जाऊ नका. चांगल्या जातीच्या जोमदार फांदीलाही सात येतात. फांदीला बोट लावून खाली खाली जायचं आणि ती निघाली कुठून ते बघायचं. गाठीच्या वरून असेल तर आपली. खालून असेल तर माती बाजूला करून बुडापासून ओढून काढायची. नुसती कात्रीने कापली की तिथूनच पुन्हा फुटते.

सावंत काका, ए-४०३: अरेरे. मार्चमध्ये माझ्या डबल डिलाइट जातीच्या गुलाबाची अशीच एक सात पानांची फांदी मी कापली. गाठीच्या चांगली वितभर वर होती.

कुलकर्णी काकू, सी-२०२: येईल दुसरी. ऊन भरपूर आहे तुमच्या गच्चीत.

कुलकर्णी काकू, सी-२०२: स्नेहल, ते डच गुलाब मावळात पॉलिहाऊसमध्ये पिकतात. पानावर पाऊस पडत नाही, खत-पाणी ठिबकने मोजून मिळतं. दांडा लांब हवा, फूल फुलदाणीत टिकायला हवं, यासाठी निवडलेल्या जाती त्या. वास त्यात मागे पडला. उघड्या वाफ्यात, आपल्या जुलै-ऑगस्टच्या पावसात त्यांचे हाल होतात. आपण १२ लावले होते ते तसलेच होते.

स्नेहल, बी-३०४: मग उघड्यावर काय लावतात? आरवला वासाचा गुलाब हवाय.

कुलकर्णी काकू, सी-२०२: माझ्या वडिलांचा सासवडजवळ अर्धा एकर गुलाब होता, सगळा ग्लॅडिएटर. १९५५ची जात, गडद लाल, फूल मोठं. भर पावसातही हारवाल्यांपुरती फुलं निघायची. गेटसाठी माझी पहिली पसंती तीच. पांढरा हवा तर आइसबर्ग, तोही १९५८चा. झुपक्याने फुलतो आणि फार लाड मागत नाही. पापा मेयां जातीचा वास अप्रतिम, पण भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, आणि काळे ठिपके त्याला लवकर धरतात. तो रोज बघणाऱ्याच्या बाल्कनीत बरा, गेटवर नको. आणि आरवसाठी गावठी गुलाब, गुलकंदाचा, फिकट गुलाबी. तो काडीने लागतो. स्वतःच्या मुळांवर असतो, त्यामुळे खुंटाचा प्रश्नच नाही. कितीही फूट आली तरी गुलाबच.

सचिव, ए-१०१: काकू, म्हणजे नवीन घ्यायचेत की नाही?

कुलकर्णी काकू, सी-२०२: नाही घ्यायचे. ९ खुंट मुळं धरून उभे आहेत, वर्षाची वाढ आहे त्यांची. ती फेकून पिशवीतली कलमं कशाला आणायची? डिसेंबर म्हणजे डोळे भरायचे दिवस. प्रत्येक खुंटाच्या पेन्सिलीएवढ्या जाड दोन काड्या ठेवू, बाकीच्या काढू. काडीच्या बुडाशी टी आकाराचा काप घ्यायचा, साल अलगद उचलायची, ढालीसारखा काढलेला डोळा आत सरकवायचा आणि डोळा तेवढा उघडा ठेवून प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचं. तीन आठवड्यांनी डोळा हिरवा असेल तर धरला. काळा पडला तर गेला, म्हणून दोन-दोन भरायचे. धरलेला फुटायला लागला की वरची जंगली काडी छाटायची.

निखिल, बी-५०१: डोळे आणायचे कुठून?

सावंत काका, ए-४०३: माझ्याकडे ग्लॅडिएटर आहे, सहा वर्षांचा. ऑक्टोबरअखेर छाटला होता, आता फुलावर आहे. हव्या तेवढ्या फांद्या न्या.

कुलकर्णी काकू, सी-२०२: काका, उत्तम! ज्या फांदीचं फूल नुकतंच झडलंय ती हवी, तिच्या मधल्या भागातले डोळे. आज कापू नका, भरायच्या दिवशीच कापायची. पानं काढून देठ तेवढे ठेवा आणि काडी ओल्या फडक्यात गुंडाळा.

सचिव, ए-१०१: ठीक आहे, कोटेशन रद्द करतो. पण तिन्ही जिवंत कलमांचं काय?

कुलकर्णी काकू, सी-२०२: त्यांची खालची फूट आज संध्याकाळीच काढते. घमेलंभर कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड प्रत्येकी. कडुनिंबाच्या सावलीतलं शेवटचं झाड मात्र हलवावं लागेल. गुलाबाला पाच-सहा तास ऊन लागतं, तिथं दोनही मिळत नाही. आणि कृपा करून साखर-दुधाचा चहाचा चोथा कुणी तसाच टाकू नका, मुंग्या होतात. धुऊन टाका.

स्नेहल, बी-३०४: आरव विचारतोय, त्याला पट्टी बांधता येईल का?

कुलकर्णी काकू, सी-२०२: येईल की. एक खुंट त्याचा. रविवारी सकाळी आठला खाली पाठव. साल सुटायला झाडात रस हवा, म्हणून शनिवारी संध्याकाळी भरपूर पाणी द्यायचं. माळीदादा शनिवारी लवकर जातात, तेव्हा नळी मी सोडते. गेटजवळच्या नळाची चावी कुणाकडे आहे?

सचिव, ए-१०१: वॉचमनच्या केबिनमध्ये, खिळ्याला.