पेटंट एअरवे, एक्स्पायर होणारा माणूस आणि सगळीच घरघर: ईएमटीच्या तोंडी परीक्षेआधी एक शंका

औशाची_पोर

गुरुवारी तोंडी परीक्षा आहे. मी लातूरला ईएमटीचा, म्हणजे ॲम्ब्युलन्सवरच्या इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचा, कोर्स करतेय. बारावी कला शाखेतून, तीही मराठी माध्यमातून, त्यामुळे एअरवे (श्वासाची वाट) आणि ब्रीदिंगच्या धड्याने पार दमवलंय. पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं, पेटंट एअरवे म्हणजे काय? मी म्हटलं, ज्याचा शोध कुणीतरी स्वतःच्या नावावर करून घेतलाय तो. वर्ग अजून हसतोय. पेटंट म्हणजे मोकळा, हे आता जन्मात विसरणार नाही. मग आलं एक्स्पिरेशन, म्हणजे श्वास सोडणं. आमच्याकडे पेशंट एक्स्पायर झाला म्हणजे गेला. पुस्तकात मात्र धडधाकट माणूस मिनिटाला बारा ते वीस वेळा एक्स्पायर होतोय!

ही गंमत झाली. खरी अडचण आवाजांची आहे. सर मोबाइलवर एकेक ऐकवतात: स्ट्रायडर, व्हीझ, रॉन्काय, क्रॅकल्स, गर्गलिंग, स्नोअरिंग. मला सगळीच घरघर वाटते. आजीला शेवटच्या दिवशी लागली होती तीही घरघर आणि धाकट्या भावाच्या छातीत थंडीत होते तीही घरघरच. शिवाय नातेवाईक बोलतात ते वेगळंच: दम लागलाय, धाप लागलीय, ऊर्ध्व लागलाय. हे इंग्रजी शब्दांत कुठे बसवायचं? तुम्ही लोक पाठ कसं करता?

सिस्टर_इन_मेकिंग

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आवाजांचं दुसरं कुणी सांगेल, मी शब्दांपुरतं सांगते. शेवटचा 'प्निआ' म्हणजे श्वास. त्याच्या आधीचा तुकडा तेवढा बघायचा. ॲप्निआ, श्वास नाही. ब्रॅडिप्निआ, मंद. टॅकिप्निआ, भरभर. डिस्प्निआ, त्रास होतोय. ऑर्थोप्निआ, आडवं झालं की गुदमरतं, ताठ बसलं की बरं. आमच्या मॅडम पेशंटला विचारायला लावतात, 'रात्री किती उशा लागतात?' तीन उशा म्हणाला की ऑर्थोप्निआ लिहायचं.

आंबाघाट_वरखाली

ताई, मी अकरा वर्षं एका खासगी हॉस्पिटलच्या ॲम्ब्युलन्सवर होतो. रत्नागिरी, देवरूख, साखरपा इकडचे पेशंट आंबा घाट चढून कोल्हापूरला आणायचे, हेच काम. पाठांतराच्या नादाला लागू नका. आवाज कानावर पडला की दोनच गोष्टी बघा. श्वास आत घेताना येतोय की सोडताना? आणि गळ्यातनं येतोय की छातीतनं?

आत घेताना, गळ्यातनं, करकर ओढल्यासारखा आणि स्टेथो न लावता दारातच ऐकू आला तर स्ट्रायडर. वरची वाट चिंचोळी झालीय. पोरानं शेंगदाणा गिळला असेल, गळा सुजला असेल. सोडताना छातीत शिट्टी वाजली तर व्हीझ, खालच्या बारीक नळ्या आवळल्यात. क्रॅकल्स ओळखायला कानाजवळ केसांची बट दोन बोटांत चोळून बघा, तसाच बारीक चुरचुर आवाज. रॉन्काय जाडाभरडा, कफाचा, खोकल्यावर बदलतो. राहिले गर्गलिंग आणि स्नोअरिंग. हे दोन ऐकल्यावर विचार करत बसायचं नाही, हात चालवायचे. गुळण्या केल्यागत आवाज म्हणजे तोंडात पातळ काहीतरी साठलंय, आधी सक्शन, म्हणजे नळीनं ते ओढून काढायचं, मोठ्या माणसाला एका वेळी पंधरा सेकंदांच्या वर नको. घोरणं म्हणजे जीभ मागं पडलीय, डोकं मागं करून हनुवटी उचला.

घोरण्यावरनं आठवलं. एकदा रात्री दोनला एका घरी पोचलो, म्हातारी दारातच म्हणाली, 'आता बरं हाय, गाढ झोपलाय, घोरतोय बघा.' माणूस शुद्धीतच नव्हता. घरातलं कुणी घोरतोय म्हणालं की मी तवापासनं पहिल्यांदा हाक मारून हलवून बघतो.

आता मराठी शब्दांचं. आपल्या माणसांना सगळं बरोबर कळतं, आपणच नीट ऐकत नाही. 'ठसका लागलाय' म्हणाले तर अर्धं काम झालं, खोकतोय म्हणजे हवा जातीय, खोकू द्या. 'आवाजच फुटंना, गळा धरलाय' म्हणाले तर मात्र पळा. 'दातखीळ बसलीय' म्हणजे श्वासाची वाट मोकळी ठेवणारी नळी तोंडातनं (ओपीए) जाणार नाही, नाकातनं घालायची (एनपीए) बघा, पण डोक्याला मार असून कवटीच्या तळाशी फ्रॅक्चरची शंका असेल तर तेही नको. आणि सगळ्यात महत्त्वाचे दोन शब्द, 'आचके देतोय' आणि 'ऊर्ध्व लागलाय'. पुस्तकात त्याला अगोनल ब्रीदिंग म्हणतात. नाडी गेलेला माणूस मधनंच एखादा आचका देतो आणि लोक म्हणतात, श्वास चाललाय की. तो श्वास धरायचा नाही. हाक मारल्यावर ओ नाही आणि असे आचके, तर सीपीआर, छाती तीसदा दाबा, दोन श्वास फुंका, सुरू.

माझी चूकही सांगतो. 2016 सालची गोष्ट. कॉल आला, 'आजोबांना दम लागतोय.' मी रिपोर्टवर सरळ अस्थमा लिहून टाकला. दम आणि दमा, एका कान्याचा फरक. पोचलो तर खरंच शिट्टी वाजत होती, मी नेब्युलायझर काढला. सोबतच्या डॉक्टर मॅडमनी हात धरला आणि म्हणाल्या, पाय बघ. पाय सुजलेले, आजोबा खाटेवर ताठ बसलेले, तोंडाला गुलाबी फेस. हृदय थकून फुप्फुसात पाणी भरलेलं. तेव्हापासनं नातेवाइकाचा शब्द मराठीतच, जसाच्या तसा लिहितो आणि त्याच्या खाली मला काय ऐकू आलं ते. दम, धाप, काहीही असू दे. इंग्रजी नाव सगळ्यात शेवटी.

जाता जाता, एलपीएम, म्हणजे मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन, हा शब्दही ब्रीदिंगमध्येच येतो आणि पोरं तो नुसता घोकतात. बी टाइप सिलिंडरात साधारण 1500 लिटर ऑक्सिजन. नॉन-रीब्रीदर (पिशवीवाला) मास्क 15 लिटरवर लावला की 100 मिनिटं. रत्नागिरी ते कोल्हापूर तीन तास धरा. मी नवखा असताना निम्म्या वाटेत, मलकापूरला, हा हिशेब सुचला होता.

धानोऱ्याची_सिस्टर

लेकराचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्या गडचिरोलीकडे बाई सांगते, 'लेकराले डब्बा झाला.' नवीन पोरींना वाटतं पोट दुखते. तो न्यूमोनिया असतो. पोट उडते, बरगड्यांखाली खड्डा पडते, नाकपुड्या फुलतात. पुस्तकातलं रिट्रॅक्शन आणि नेझल फ्लेअरिंग ते हेच. लहान बाळ कण्हते त्याला ग्रंटिंग म्हणतात, ते वाईट लक्षण.

आणि मोजायचं पूर्ण मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, बाळाचा श्वास एकसारखा नसते. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, वर्षापर्यंत 50, पाच वर्षांपर्यंत 40, हे भरभर. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या इकडच्या 'सर्च' संस्थेनं अक्षरओळख नसलेल्या दायांसाठी वाळूचं घड्याळ आणि मणी लावलेलं साधन केलं होतं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. त्यांना टॅकिप्निआ शब्द माहीत नव्हता, पण टॅकिप्निआ सुटत नव्हता.

भूलवाला_डॉक्टर

घाटवाल्यांचं बहुतेक पटलं, दोन ठिकाणी टोकतो. अपघाताचा पेशंट घोरत असेल तर डोकं मागे करू नका, मानेचा मणका सांभाळा, जॉ थ्रस्टने जबडा पुढे घ्या. दुसरं, दमेकऱ्याची शिट्टी बंद झाली म्हणजे आराम पडला असं धरू नका. पेशंट थकलाय, मलूल झालाय आणि छाती शांत आहे, तर हवाच आत-बाहेर होत नाहीये. त्याला सायलेंट चेस्ट म्हणतात आणि मला स्ट्रायडरपेक्षा त्याची जास्त धास्ती वाटते.

परीक्षेत हमखास विचारतात ते व्हेंटिलेशन आणि ऑक्सिजनेशन. भाता चालणं म्हणजे व्हेंटिलेशन. त्या हवेतला प्राणवायू रक्तात उतरणं म्हणजे ऑक्सिजनेशन. बोटावरचं ऑक्सिमीटर पहिल्याबद्दल काहीच सांगत नाही आणि दुसऱ्याबद्दलही कधी कधी खोटं बोलतं. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर लावून आंघोळ करताना कोसळलेल्या मुलीचं ऑक्सिमीटर 98 दाखवू शकतं, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि प्राणवायू चिकटलेलं हिमोग्लोबिन त्या यंत्राला वेगळं ओळखता येत नाही. आकडा चांगला असला तरी ऑक्सिजन लावा.

आंबाघाट_वरखाली

डॉक्टर, जॉ थ्रस्टचं राहिलंच माझं. मान्य.

औशाची_पोर

परीक्षा झाली. आवाजावर एकही प्रश्न नाही! पुतळ्यासमोर उभं करून ओपीएचं माप विचारलं. मी ओठांच्या कोपऱ्यापासून कानाच्या पाळीपर्यंत धरून दाखवलं. मग बाहेरून आलेल्या मॅडम म्हणाल्या, हे कुणाला घालायचं नाही? मी म्हटलं, जो ओकारी काढेल त्याला, म्हणजे गॅग रिफ्लेक्स शाबूत असेल त्याला. त्या 'ओकारी'वर हसल्या, पण मार्क दिले असावेत.

घरी येऊन आईला विचारलं, आजीला त्या दिवशी नक्की काय होत होतं? आई म्हणाली, घशात गुडगुड वाजत होतं, आम्ही कुशीवर वळवलं की कमी व्हायचं. म्हणजे ते गर्गलिंग. वहीत तसंच लिहून ठेवलंय, आईच्याच शब्दांत.