रिट्रीट, मेणबत्त्या आणि पिवळी बस

परतवाड्याचा बाप
काल इथं एका दादांनी लिहिलं: "मिशनच्या शाळेनं नववी-दहावीची पोरं रिट्रीटच्या नावाखाली चिखलदऱ्याला नेली, तीन दिवस मोबाईल काढून घेतले, मेणबत्त्या लावून रडवलं. हे बाटवणंच आहे, पालकांनो जागे व्हा."

मी जागाच आहे दादा. माझी पोरगी त्यात होती. आम्ही ख्रिस्ती नाही, घरात तुकडोजी महाराजांचा फोटो आहे. रिट्रीट म्हणजे चार दिवस रोजच्या धावपळीपासून दूर जाऊन स्वतःच्या मनात डोकावायचं, ही ख्रिस्ती लोकांची पद्धत. सकाळी अर्धा तास गप्प बसायचं, मग फादर बोलायचे: राग, घरातली भांडणं, दहावीची भीती. दुपारी कॉफीच्या बागा. ख्रिस्ती पोरांना मिस्सा (त्यांची प्रार्थना) आणि कन्फेशन (फादरजवळ चुकांची कबुली), त्या वेळात बाकीच्यांची गटचर्चा. शेवटच्या रात्री आईबापाला चिठ्ठी लिहायची. हो, रडली पोरं.

पोरीच्या चिठ्ठीत होतं की बाबा जेवताना बोलत नाहीत, माझ्यावर रागावलेत. मी कापसाच्या हिशेबात बुडालेलो, आणि ती दिवाळीपासून हे मनात धरून बसलेली. समोरासमोर ती हे कधीच बोलली नसती. गप्प बसायला लावणं म्हणजे बाटवणं असेल, तर तुकडोजी महाराजांच्या आश्रमात, मोझरीला, सामुदायिक प्रार्थनेत आपण काय करतो?

जागल्या
तो दादा मीच. मोझरीत पोरगं घरातलाच विचार ऐकते, इथं दुसऱ्याचा. फरक आहे. आणि घटनेचं कलम २८(३) वाचा: मान्यता असलेल्या किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेत अल्पवयीन मुलाला पालकाच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. माझ्या भाच्याजवळ संमतीपत्र आदल्या संध्याकाळी दिलं, तेही इंग्रजीत. बहिणीला वाटलं सहलीचं आहे, तिनं सही ठोकली. ही संमती?

परतवाड्याचा बाप
पत्र इंग्रजीत होतं, हे खरं. मीही पोरीकडूनच वाचून घेतलं. तेवढं तुमचं बरोबर. तेवढंच.

झेडपीचा मास्तर
अजी, पत्र वाचता येत नाई तं पोट्टं तिथं टाकलं कायले? माह्या शायेत पहिली ते चौथी मिळून अकरा पोट्टे उरले. दोन मास्तर, त्यातला एक सदा बीएलओच्या, म्हंजे मतदार यादीच्या कामात. सकाळी साडेसातले पिवळी बस चौकात भोंगा वाजवते अन् माह्या डोयासमोरून पोट्टे उचलून नेते. आमी मराठीत पत्र देतो, घरी जाऊन समजावून सांगतो, तं आमच्याकडं कोणी फिरकत नाई. अन् इथं कलम सांगून रायले!

दोन पोरांची आई
मास्तर, तुमची स्वतःची पोरं कुठल्या शाळेत आहेत?

झेडपीचा मास्तर
त्याचा इथं काय संबंध?

दोन पोरांची आई
सांगा तर.

झेडपीचा मास्तर
पोरगी इंग्लिश मिडियमले हाय. बायकोचा हट्ट.

दोन पोरांची आई
घ्या! बायको तेवढी सापडलीच. पिवळ्या बसचे पैसे तुम्हीही भरता की. माझी जाऊ शेतमजुरी करते. आरटीई कायद्यातल्या गरिबांसाठीच्या २५ टक्के मोफत जागांत पोरासाठी याच मिशन शाळेत विचारायला गेली, तर कळलं की २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून अल्पसंख्याक शाळांना ती अट लागूच नाही. फी तिला झेपत नाही. रिट्रीटमध्ये गरिबांवर प्रेम करा म्हणून शिकवतात म्हणे. गेटपासून सुरू करा म्हणावं.

झेडपीचा मास्तर
मंग आणा ना त्याले माह्या शायेत! बारावा होईल.

जागल्या
मूळ मुद्द्यावर या राव. बस, फी, बायको... बाटवण्याचं काय?

अचलपूरची टीचर
येते मुद्द्यावर. मी ख्रिस्ती आहे, आणि माझी तक्रार नेमकी उलटी आहे. ही रिट्रीट ज्यांच्यापासून आली त्या संत इग्नाशियसची साधना मुळात तीस दिवसांची, मौनातली. शाळांमध्ये तिचे तीन दिवस उरले, आणि आता त्यालाही व्यक्तिमत्त्व विकास म्हणायचं. कोणाला राग नको म्हणून फादर येशूचं नावसुद्धा दबकत घेतात. माझ्या मुलाला कन्फेशनला पाच मिनिटं मिळाली. तुमची पोरं बाटतील ही तुम्हाला भीती, मला आमचीच कोरडी राहतील ही.

आणि तो शब्द. माझ्या पणजोबांना कोणी बाटवलं नाही, ते आपल्या पायांनी गेले. १९५६ ला नागपूरला दीक्षा घ्यायला गेलेल्या आमच्याच भाऊबंदांना बाटले म्हणायची तुमची हिंमत आहे का? १९९० पासून त्यांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळतात, मिळायलाच पाहिजेत. आम्ही त्याच गल्लीतले, त्याच जातीचे, पण ख्रिस्ती म्हणून आम्हाला नाहीत. कसलं आमिष घेऊन बसलात? इथं आलं की हातचं जाते.

जागल्या
ताई, तुमच्याबद्दल नव्हतं ते.

अचलपूरची टीचर
मग कोणाबद्दल होतं?

दोन पोरांची आई
😶

जागल्या
शब्द चुकला असेल. मागे घेतो म्हणा हवं तर. पण पत्र मराठीत आणि आठ दिवस आधी आलं पाहिजे, कार्यक्रम तासागणिक लिहून. त्यावर मी हटणार नाही.

अचलपूरची टीचर
ते मी स्टाफ मीटिंगमध्ये मांडते. तिथंही मला एकटीलाच बोलावं लागेल, तुम्ही काही येणार नाही.

जागल्या
आणि मेणबत्त्यांचं? अंधारात पोरं बसवून मेणबत्त्या कशाला?

परतवाड्याचा बाप
दादा, त्या रात्री चिखलदऱ्याला लाइन गेली होती.

जागल्या
हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं ना!

झेडपीचा मास्तर
लाइनीचं निंगालंच तं सांगतो, आमच्या शायेचं बिल थकलं म्हणून मीटर कापून नेलं. प्रोजेक्टर कपाटात हाय. त्याच्यावर कोणी धागा काढते काय?